मालवणच्या समुद्रात हुकूम कोणाचा चालतो?

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की सांगली, मिरज, विटा, कराडकडच्या गाड्या गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटाने मालवणला उतरतात. होडीतून सिंधुदुर्ग किल्ला, मग तारकर्ली, मग जमलं तर स्कूबा, रात्री सुरमईचं ताट. त्या दिवशी आपण एका अभयारण्यातून हिंडून आलो हे यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतं. तिथं कमान नाही, नाका नाही, गाडीची नोंद करणारा वनरक्षक नाही.

पुढं पेपरात बातम्या वाचायला मिळतात. एलईडी दिवे लावून मासेमारी करणारी नौका मत्स्यव्यवसाय विभागानं पकडली. जाळ्यात कासव अडकलं, वन विभागाला कळवलं. विनापरवाना पर्यटक बोटीवर बंदर विभागाची कारवाई. किनाऱ्यावर तेलाचा तवंग आला, जिल्हाधिकाऱ्यांनी बैठक बोलावली. पाणी तेच, खातं मात्र दर बातमीत वेगळं. मग या पाण्याचा मालक कोण?

एकटा कोणीच नाही. त्यात फारसं वावगंही नाही. वावगं आहे ते दोन खात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. पण तिथं जाण्याआधी थोडी पायाभरणी.

हे अभयारण्य केवढं आणि कशाचं

मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली जाहीर झालं. क्षेत्रफळ 29.122 चौरस किलोमीटर. त्यातलं 3.182 चौरस किलोमीटर हे गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वांत जास्त जपायचा भाग. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे खडक यात येतात. कोयना अभयारण्य 423.55 चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढंही हे नाही. आकाराने लहान, पण खडकांवर प्रवाळ आहे, त्याच्या आधाराने माशांची पिल्लं वाढतात, कासवांची ये-जा असते. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो प्राण्यांची वसाहत आहे, आणि खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत.

जंगलाच्या अभयारण्याला लागू होणारा कायदाच समुद्रालाही लागू होतो, फक्त काही कलमं वेगळी आहेत. 1991 च्या दुरुस्तीने कलम 26अ आलं. राज्याला आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात अभयारण्य करायचं असेल तर आधी केंद्राची संमती घ्यावी लागते. हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी सल्लामसलत करावी लागते. स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेशी व्यवस्थाही करावी लागते. मालवणची घोषणा या दुरुस्तीच्या चार वर्षं आधीची. तिथले मच्छीमार सुरुवातीपासून अभयारण्याच्या विरोधात का राहिले, हे समजून घेताना ही तारीख लक्षात ठेवावी.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. निरुपद्रवी जाण्यायेण्याचा नौकांचा हक्क अभयारण्यामुळे जात नाही. चांदोलीच्या जंगलात विनापरवाना पाऊल टाकलं तर तेवढ्यावरच कारवाई होऊ शकते. मालवणच्या पाण्यातून होडी नुसती जात असेल तर तिला कोणी अडवू शकत नाही. अडवायचं तर ती काहीतरी करताना सापडायला हवी.

आधी कोयनेकडे बघा

हा गुंता फक्त समुद्राचा नाही. साताऱ्याच्या माणसाला शिवसागर जलाशय रोजचा. त्यातलं पाणी जलसंपदा विभागाचं. वीजघरं जलसंपदानं बांधलेली, चालवते महानिर्मिती. किती पाणी पश्चिमेकडे वळवायचं याची मर्यादा कृष्णा पाणीवाटप लवादानं घातलेली, वर्षाला 67.5 टीएमसी. काठावरचं जंगल वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे, आणि 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून दिल्लीच्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचाही त्यात शब्द. पुनर्वसन, जमिनीचे दाखले महसूलकडे. 2012 पासून जागतिक वारसा यादीत नाव, ते निराळंच. सांगली जिल्ह्यात चांदोलीला वारणेच्या वसंतसागरावर चित्र थोड्याफार फरकाने हेच.

तरी कोयनेला एक सोय आहे. जलाशयाला काठ आहे. काठापर्यंत एक खातं, काठावर दुसरं, असं निदान बोट ठेवून दाखवता येतं. समुद्रात पाणी, तळ, मासा, होडी आणि माणूस हे सगळं एकाच ठिकाणी एकावर एक रचलेलं असतं.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना

सामाईक विहिरीवरची जमीन डोळ्यांपुढं आणा. सातबाऱ्यावर भोगवटादार एक. पण इतर हक्कात विहिरीचा चार आणे हिस्सा चुलत्याचा, पाइपलाइन खालच्या गटाची, बांधावरून वहिवाट तिसऱ्याची, बोजा सोसायटीचा. जमीन एक, पण हक्क जागेनुसार वाटलेले नाहीत, वस्तूनुसार वाटलेले आहेत. पाइप फुटला तर बोंब मारायची ती पाइपवाल्याच्या नावाने, भोगवटादाराच्या नाही.

सागरी अभयारण्याचंही तसंच आहे. प्रश्न 'कुठं घडलं' हा दुय्यम, 'कशाला धक्का लागला' हा पहिला. प्रवाळ तुटलं का, मासा कोणत्या जाळ्यात आला, होडी बुडाली का, किल्ल्याचा दगड हलला का, गटार सोडलं का? वस्तू बदलली की कायदा बदलतो, कायदा बदलला की खातं बदलतं.

कोण काय सांभाळतं

*वन विभाग.* अभयारण्य म्हणून या जागेची मुख्य जबाबदारी यांची. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक हे कायद्याने अभयारण्याचे नियंत्रक असतात. समुद्र आणि खारफुटीसाठी 2012 मध्ये वन विभागात कांदळवन कक्ष सुरू झाला. प्रवाळ, कासव, डॉल्फिन, देवमासा, व्हेल शार्क यांना इजा झाली की गुन्हा वन विभाग नोंदवतो. शिक्षा हलकी नाही. अनुसूची 1 मधल्या प्राण्याची शिकार किंवा अभयारण्यातली शिकार यासाठी किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद, शिवाय 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार रुपये दंड.

*मत्स्यव्यवसाय विभाग.* मासेमारी नौकांचे परवाने, जाळ्यांचे प्रकार, पावसाळी बंदी हा सगळा यांचा प्रांत. हत्यार म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत हा कायदा चालतो (एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा). त्यापुढं 200 मैलांपर्यंत मासेमारीचा विषय केंद्राचा. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या पावसाळी बंदीचेसुद्धा म्हणून दोन वेगळे आदेश निघतात, 12 मैलांच्या आत राज्याचा आणि बाहेर केंद्राचा. एरवी ज्या गोष्टीत काही घेण्यासारखं नसतं अशी एक कारकुनी दुरुस्ती इथं फार मोलाची ठरली. या कायद्याखालचे खटले पूर्वी तहसीलदारांपुढं चालत. दुष्काळ, निवडणूक, पंचनामे यांच्या गर्दीत जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकांचं, माप कोण बघणार? 2021 च्या दुरुस्तीने निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्याच अधिकाऱ्यांकडे आला आणि एलईडी मासेमारीसारख्या गुन्ह्यांचा दंड लाखांच्या घरात गेला.

*सागरी पोलीस आणि तटरक्षक दल.* सागरी पोलीस जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली, तटरक्षक दल केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखाली. दोघांचं मुख्य काम सुरक्षा. पण भर समुद्रात वेगाने पोचणारी बोट आणि हत्यारबंद माणसं यांच्याकडेच असतात. तटरक्षक दलाच्या असिस्टंट कमांडंट आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याखाली झडती आणि जप्तीचा अधिकार दिला. पोलीस उपनिरीक्षकाला तो आधीपासून होता.

*महाराष्ट्र सागरी मंडळ,* बोलीत बंदर विभाग. प्रवासी होडी किती माणसं घेईल, लाइफ जॅकेट आहेत का, तांडेलाकडे, म्हणजे होडी चालवणाऱ्याकडे, परवाना आहे का, हे ते बघतात. मे अखेरीला किल्ल्याची होडी वाहतूक थांबते ती यांच्या आदेशाने, अभयारण्यामुळे नव्हे.

*भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण.* सिंधुदुर्ग हे केंद्राचं संरक्षित स्मारक. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण असतं. किल्ला बेटावर असल्यामुळे ही रेघ थेट समुद्रात पडते. जेटीचा प्रस्ताव म्हणूनच एका खात्याच्या सहीने पुढं सरकत नाही.

उरले चौघे. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात आणि ते महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण बघतं. सांडपाणी आधी नगरपरिषदेकडे, तिच्यावर नजर प्रदूषण नियंत्रण मंडळाची. सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारे जिल्हाधिकारी. सीआरझेडच्या नियमांनुसार त्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह किनाऱ्यावरच्या परंपरागत समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत.

प्रत्यक्षात कुठं अडतं

रात्री दोनचा सुमार. अभयारण्याच्या हद्दीत एलईडी लावलेली नौका आहे, असा फोन किनाऱ्यावरून जातो. प्रखर उजेडाला मासळी, तिच्यात लहान पिल्लंही, गोळा होते आणि एकदम उपसली जाते. यावर केंद्राने 12 मैलांच्या बाहेर 2017 मध्ये बंदी घातली आणि आत राज्याची बंदी आहे. कायद्यात इथं भोक नाही.

भोक पुढं आहे. मत्स्यव्यवसाय विभागाची गस्ती नौका निघून पोचेपर्यंत दिवे बंद होतात, नौका सरकते. पकडली तरी काय नोंदवायचं? जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, नौकेचा नोंदणी क्रमांक, दिवे आणि जनरेटरचा पंचनामा, जाळं, मासळीची जात आणि वजन. मासळी नाशवंत, म्हणून लिलाव लवकर करावा लागतो. एवढी तयारी झाली तर दंड टिकतो. यातला एक तपशील राहिला, विशेषतः अक्षांश-रेखांश, की नौकामालक म्हणतो, मी तिथं नव्हतोच. समुद्रात खुणेचं झाड नसतं.

त्यात ही नौका अभयारण्यात सापडली असेल तर वन्यजीव कायद्याचंही उल्लंघन आहे. पण त्या रात्री बोटीवर वनाधिकारी नसतो. मत्स्यव्यवसायचा पंचनामा मासेमारी कायद्याच्या नमुन्यात असतो आणि प्रवाळाला काय झालं याची नोंद करायचा रकानाच त्यात नसतो. मग एका गुन्ह्याचा अर्धा भाग नोंदला जातो, अर्धा तसाच पाण्यात. उपाय अवघड नाही: संयुक्त गस्त, आणि दोन्ही कायद्यांना चालेल असा एकच पंचनाम्याचा नमुना.

दुसरं उदाहरण स्कूबाचं. होडीला परवाना बंदर विभागाचा. तो जॅकेट मोजतो, माणसं मोजतो. होडी कशावर नांगर टाकते हे मोजणं त्याच्या कामात नाही. प्रवाळ वन विभागाचं, पण होडीचा परवाना त्यांनी दिलेला नाही. लोखंडी नांगर खडकावर पडून ओढला गेला की वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारं प्रवाळ एका झटक्यात तुटतं. नवशिक्याच्या फिनने उडालेली रेती त्यावर बसली तर ते हळूहळू गुदमरतं. माशांनी कॅमेऱ्यापुढं यावं म्हणून टाकलेले पाव-बिस्किटाचे तुकडे तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात. नांगराऐवजी कायमचे तरंगते बोये बसवून होड्या त्यांना बांधायच्या, हा जगभर वापरला जाणारा स्वस्त तोडगा. पण बोया नौकानयनाची वस्तू, म्हणून बंदर विभागाची संमती. तळात गाडायचा, म्हणून वन विभागाची. किल्ल्याजवळ असेल तर पुरातत्त्वाला विचारायचं. आणि वापरणार होडीवाले. चौघांपैकी एक जण बैठकीला आला नाही की बोया कागदावर राहतो.

तेलाचं तिसरं. समुद्रात सांडलेल्या तेलाचा बंदोबस्त देशपातळीवर तटरक्षक दल पाहतं. मे 2025 मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा 3 हे मालवाहू जहाज बुडालं तेव्हा प्रदूषण रोखण्याची धुरा त्यांच्याकडेच होती. मात्र तेल किनाऱ्याला लागलं की सफाई राज्य प्रशासन आणि स्थानिक संस्थांची. भरतीच्या रेषेवर जबाबदारी हात बदलते आणि नेमके तिथंच कासवं अंडी घालतात.

जिथं जमलं आहे

मच्छीमाराच्या जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकला तर त्याला सोडवायला जाळं कापावं लागतं. जाळं महाग. कायद्याचा धाक दाखवला तर माणूस प्राणी गुपचूप टाकून देतो आणि कोणालाच काही कळत नाही. 2018 च्या अखेरीस मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी मिळून योजना आणली. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडा, फोटो किंवा व्हिडिओ द्या, जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्या. मच्छीमार ओळखतो मत्स्यव्यवसायच्या माणसाला, पैसे येतात वन विभागाशी जोडलेल्या संस्थेकडून. शिवाय कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात कोणता प्राणी आला याची नोंद फुकटात मिळू लागली. माझ्या मते मालवणच्या प्रश्नाची किल्ली अशा व्यवस्थेत आहे, नव्या खात्यात नाही.

मग सगळं एकाच खात्याकडे का देत नाहीत?

हा प्रश्न हमखास येतो. ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफसाठी 1975 मध्ये स्वतंत्र प्राधिकरण केलं, त्याचा दाखला दिला जातो. पण तिथंही क्षेत्रावरचं काम केंद्र आणि क्वीन्सलँड राज्य मिळून करतात आणि मासेमारीचं नियमन मुख्यतः राज्याकडेच आहे. कारण उघड आहे. मासा अभयारण्यात जन्मतो आणि बाहेर पकडला जातो. अभयारण्याच्या आत एक मत्स्यखातं आणि बाहेर दुसरं, असं केलं तर रेघेच्या दोन्ही बाजूंना वाद. बुडणाऱ्या होडीला वाचवायला प्रवाळतज्ज्ञ उपयोगाचा नाही, आणि तटरक्षक दलाने पर्यटकांना बिस्किटं टाकू नका म्हणून सांगत बसावं, हेही परवडणारं नाही.

मच्छीमारांचा विरोध म्हणजे अडवणूकच ना?

नाही. वन्यजीव कायदा शब्दशः घेतला तर अभयारण्यातून परवानगीशिवाय मासासुद्धा काढता येत नाही. मालवणात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे, छोट्या होडीने जाळी टाकणारे पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर जगतात आणि आजही मासेमारी चालू आहे. म्हणजे उपजीविका चालते ती कायद्याच्या आधाराने नाही, दुर्लक्षाच्या आधाराने. उद्या एखादा कडक अधिकारी आला तर काय, ही भीती खरी आहे. दुसरीकडे, याच रापणकरांचं सर्वांत मोठं भांडण पर्ससीन (माशांच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं), एलईडी आणि परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरशी आहे. म्हणजे अभयारण्याचा शत्रू आणि त्यांचा शत्रू एकच. कोणत्या जाळ्याला, कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात मुभा, हे व्यवस्थापन आराखड्यात लेखी आलं तर हे लोक गस्तीवरचे सर्वांत तरबेज डोळे ठरतील. ते लेखी येत नाही तोवर त्यांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणं जरा जास्तच.

आम्ही घाटमाथ्यावरचे, आम्हाला काय त्याचं?

कोयनेतून वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. मालवण त्या खाडीच्या बरंच दक्षिणेला, तेव्हा हा संबंध ओढूनताणून जोडत नाही. साधा संबंध असा, की मालवणच्या पर्यटनाचा मोठा गिऱ्हाईक आपला भाग आहे, आणि होडीवाला गिऱ्हाईकाचं ऐकतो. परवान्याचा क्रमांक होडीवर रंगवलेला आहे का, नांगर कुठं पडणार, हे दोन प्रश्न बसण्याआधी विचारता येतात. किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकून आणणं हा गुन्हा आहे, 'मेलेलंच होतं' ही सबब चालत नाही.

काही गैर दिसलं तर जीव धोक्यात असेल तेव्हा 112, समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा 1554, सागरी पोलिसांचा 1093, वन्यजीवासाठी वन विभागाचा 1926. तक्रारीत मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, वेळ, होडीचा क्रमांक आणि फोटो असू द्या. तक्रार एकाच खात्याला न देता एकाच कागदावर दोन-तीन खात्यांची नावं वर लिहा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. साध्या तक्रारीला ते संरक्षण नाही, 'आमच्या अखत्यारीत येत नाही' एवढ्या एका ओळीवर ती संपू शकते. म्हणून महिन्याभराने त्याच तक्रारीवर काय कारवाई झाली, हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा.